माळव्याचा शरद : धार व देवास परिसरातील तणमोर आणि पाणपक्षी

माळव्याच्या पठारावरील धार आणि देवास ही नावे मराठी वाचकास पवार घराण्याच्या संस्थानांमुळे परिचित आहेत. इतिहासाच्या ओढीने, अथवा मांडूची पावसाळी शोभा पाहण्यासाठी, तिकडे जाणाऱ्यांची संख्याही मोठी असते. परंतु भाद्रपदापासून कार्तिकापर्यंतच्या काळात या दोन जिल्ह्यांतील माळरानांवर व जलाशयांवर पक्षिजीवनाचा जो पालट घडून येतो, त्याकडे प्रवाशांचे लक्ष क्वचितच जाते. पावसाळ्यात गवतात वाढलेले पक्षी या काळात माळ सोडून जातात आणि उत्तरेकडून आलेले पाहुणे तलावांवर उतरू लागतात. हा पालट नेमका कोणत्या आठवड्यात व्हावा, हे पंचांगापेक्षा त्या वर्षीच्या पावसावर अधिक अवलंबून असते.

सरदारपूरचा माळ

धार जिल्ह्याच्या पश्चिमेस सरदारपूर तालुका आहे. मही नदीचा उगम याच तालुक्यात होतो. येथील गवताळ माळांवर दरवर्षी जुलैच्या सुमारास तणमोर हा दुर्मिळ पक्षी विणीसाठी येतो. स्थानिक लोक त्यास ‘खरमोर’ म्हणतात. माळढोकाच्या कुळातील हा सर्वांत लहान पक्षी असून नराचे वजन अवघे अर्धा किलो भरते. मादी त्याहून काहीशी मोठी असते. एरवी दोघेही मातकट, ठिपकेदार व सहज नजरेस न पडणारे. विणीच्या काळात मात्र नराचा गळा, मान व पोट काळेभोर होते, पंखावर पांढरा पट्टा उठून दिसतो आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंस टोकाशी रुंद झालेली लांब पिसे फुटतात.

या काळातील नराच्या उड्या हेच तणमोराचे मुख्य दर्शन होय. गवतात दडलेला नर एकाएकी दीड-दोन मीटर उंच उसळतो, पंख फडफडवून बेडकासारखा खरखरीत आवाज काढतो आणि पुन्हा गवतात दिसेनासा होतो. दिवसाकाठी अशा शेकडो उड्या होतात. यामागचे कारण उघड आहे. गुडघ्याएवढ्या गवतात मादीस आपले अस्तित्व कळविण्यास दुसरा मार्ग नाही. स्वच्छ उन्हाच्या दिवशी हा खेळ सकाळी व सायंकाळी चालतो. आभाळ भरून आलेले असल्यास तो दुपारीही थांबत नाही. त्यामुळे ढगाळ, रिमझिमीचा दिवस पक्षिनिरीक्षकाने वाया गेला असे समजू नये. येथे तोच लाभाचा दिवस ठरतो.

पाऊस लांबला तर गवत उशिरा वाढते आणि विणीचा हंगामही पुढे ढकलला जातो. पावसाने मध्येच दडी मारली तर नाकतोडे व इतर कीटक कमी पडतात. मादी जमिनीवर तीन-चार अंडी घालते व सुमारे तीन आठवडे ती एकटीच उबविते. उशिरा घातलेल्या अंड्यांतील पिले सप्टेंबरअखेरपर्यंत गवतातच असतात. सप्टेंबर संपता संपता तणमोर माळ सोडू लागतात आणि दक्षिणेकडे विखुरतात. ते गेल्यानंतर गवत कापले गेले तर हानी नाही. त्यापूर्वी विळा लागला तर मात्र संपूर्ण वर्षाची वीण धोक्यात येते.

अभयारण्य आणि चौदा गावे

सुप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालीम अली यांच्या आग्रहावरून 1983 साली सरदारपूर येथे व शेजारच्या रतलाम जिल्ह्यातील सैलाना येथे खरमोरासाठी अभयारण्ये घोषित करण्यात आली. सरदारपूरचे मूळ क्षेत्र सुमारे 348 चौरस किलोमीटर ठरविण्यात आले. यापैकी खरे गवताळ क्षेत्र, ज्यास माळव्यात ‘बीड’ म्हणतात, थोडेच होते. उर्वरित भागात चौदा गावांच्या शेतजमिनी मोडत होत्या. या जमिनींच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध आल्यामुळे मुलीच्या लग्नासाठी किंवा आजारपणासाठी शेत विकू पाहणाऱ्या कुटुंबांची मोठी अडचण झाली. एका पक्ष्यामुळे आपली जमीन अडकली, ही भावना अशा परिस्थितीत स्वाभाविकच होती. गावे वगळण्याचा प्रश्न पुढे अनेक वर्षे शासनदरबारी रेंगाळला.

याच राज्यातील शिवपुरी जिल्ह्यात करेरा येथे 1981 साली माळढोकासाठी अभयारण्य झाले होते. तेथेही खाजगी शेतजमिनी अंतर्भूत होत्या, तेथेही असंतोष वाढला, आणि 1990 च्या दशकात माळढोक तेथून नाहीसा झाला. सरदारपूरबाबतची चिंता यामुळेच अनाठायी म्हणता येत नाही. पुढे मध्य प्रदेशच्या वन विभागाने शेतात खरमोर आढळल्याची वर्दी देणाऱ्या व घरट्याचे रक्षण करणाऱ्या शेतकऱ्यास बक्षीस देण्याची पद्धत सुरू केली. निर्बंधापेक्षा ही वाट अधिक शहाणपणाची आहे, कारण तणमोर बिडाची हद्द जाणत नाही. तो सोयाबीनच्या शेतातही उड्या मारतो.

सोयाबीनचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. माळव्यातील काळ्या जमिनीत पूर्वी खरिपात अनेक शेते गव्हासाठी पड ठेवली जात. अशा पडीत गवत व तण वाढे आणि पक्ष्यांना चारा व आडोसा मिळे. 1970 नंतरच्या दशकांत सोयाबीनने ही पड व्यापली. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, परंतु कीटकनाशकांची फवारणी आणि पिलांच्या वाढीच्या सुमारासच होणारी कापणी यांमुळे या पक्ष्यासमोर नवे संकट उभे राहिले. देशातील तणमोरांची संख्या 1999 च्या पाहणीत साडेतीन हजारांच्या आसपास अंदाजिली गेली होती. 2017 च्या पाहणीत विणीच्या क्षेत्रांतील नर साडेतीनशेच्या घरात आढळले. महाराष्ट्रातही अकोला व वाशीम जिल्ह्यांच्या गवती पट्ट्यांत हा पक्षी आढळतो, तेव्हा हा प्रश्न केवळ शेजारच्या राज्याचा नाही.

निरीक्षकाने वन विभागाची अनुमती घेऊन, रस्त्यावर उभ्या वाहनातूनच दुर्बिणीने पाहावे. गवतात पायी शिरल्यास मादी घरटे सोडून उठते, आणि माणसाच्या मागोमाग गावातली कुत्री येतात. त्यांच्यापुढे अंडी टिकत नाहीत.

जलाशयांवरील आगमन

तणमोर अद्याप माळावर असतानाच, ऑगस्टच्या अखेरीस, तुताऱ्या तलावांच्या काठी दिसू लागतात. पाठोपाठ पिवळे व पांढरे धोबी येतात. बदकांची खरी गर्दी ऑक्टोबरच्या मध्यानंतर होते : थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, चक्रवाक. मांडू येथे जहाज महालाच्या दोन्ही अंगांस असलेले मुंज व कपूर हे तलाव, देवास शहरातील मीठा तालाब, आणि देवास जिल्ह्याच्या दक्षिण सीमेकडे नर्मदेवरील इंदिरासागर जलाशयाचे फुगवट्याचे पाणी ही पाहण्याजोगी स्थळे होत. दोन्ही जिल्ह्यांच्या मध्ये, इंदूर जिल्ह्यात गंभीर नदीवर यशवंतसागर आहे. सारस क्रौंचाचे हे आश्रयस्थान 2022 साली रामसर यादीत समाविष्ट झाले.

जलाशयावरील नोंदींचा अर्थ लावताना हवामान विसरून चालत नाही. परतीचा पाऊस जोराचा झाला की तलाव काठोकाठ भरतात, चिखलाची किनार बुडते आणि तुताऱ्यांना चरण्यास जागा उरत नाही. बदकेही शेतांतील डबक्यांवर पांगतात. अशा वर्षी मोठ्या तलावावर पक्षी थोडे दिसले, तरी पक्षी घटले असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. उलट अवर्षणाच्या वर्षी लहान तळी आटतात, सारे पक्षी एकाच पाण्यावर गोळा होतात आणि आकडा फुगतो. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचा पट्टा ऑक्टोबरात माळव्यापर्यंत पोहोचला, तर आठवड्याभरातच चित्र पालटते. यास्तव एकाच तलावाची दर पंधरवड्यास, पाण्याच्या पातळीसह, केलेली नोंद ही दहा तलावांच्या एकेका भेटीपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

नोव्हेंबरात माळ पिवळा पडतो आणि गवताची कापणी जोरात चालू होते. तणमोर तेथे नसतो. पण याच बिडांवर मध्य आशियातून आलेले भोवत्या जातीचे शिकारी पक्षी दिवसभर खालून घिरट्या घालतात आणि सूर्यास्तानंतर उभ्या गवतात, जमिनीवरच, थव्याने रात्रीचा मुक्काम करतात. कापणीच्या वेळी बिडाचा एखादा पट्टा उभा राहिला, तर फाल्गुनापर्यंत त्यांस तोच पुरतो.