ज्याच्या पाठीवर पंप

पहाटे ५.४०

सप्टेंबरचा पहिला आठवडा. उजाडायच्या आत फोनवर फोटो येऊन पडतो. पराटीचं, म्हणजे कापसाचं झाड, पानं लोंबलेली, आणि खाली एक ओळ : झाडानं मान टाकली, कोणतं औषध मारू?

यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या पट्ट्यातली पाच गावं माझ्याकडे आहेत. कृषी सहायक (आताचं पदनाव सहायक कृषी अधिकारी) म्हणून बारा वर्षं झाली, आणि या वर्षांनी एक सवय लावली आहे : औषधाचं नाव सांगायचं नाही, आधी फोन करायचा. फोटोत झाड दिसतं, त्याच्या बुडातलं पाणी दिसत नाही. पाऊस कधी आला, त्याआधी किती दिवस खंड होता आणि हे झाड वावराच्या कोणत्या कोपऱ्यात आहे, एवढंच विचारते. "दोन हप्ते थेंब नव्हता मॅडम. परवा धो धो आला. खालच्या अंगाले पानी साचून रायलं." म्हणजे ही आकस्मिक मर. कीडनाशकाने ती बरी होत नाही. आधी चर काढून पाणी बाहेर घाला, मग मी येऊन पाहते, असं सांगून फोन ठेवते.

सकाळी ७.१५

पहिल्या वावरात मालक अजून आलेला नाही, पण निंदणाऱ्या सात बाया ओळीने बसल्या आहेत. पूर्वी मी मालकाची वाट पाहत धुऱ्यावर उभी राहायची. आता चप्पल काढून त्यांच्या ओळीत बसते.

मला डोमकळी शोधायची आहे. गुलाबी बोंडअळी फुलात शिरली की आतून लाळेसारख्या धाग्याने पाकळ्या जोडून घेते. मग फूल उमलतच नाही, गुलाबाच्या मिटल्या कळीसारखं दिसतं. हंगामात अळीची पहिली खूण तीच. मी एक तोडून पाकळ्या उकलून दाखवते. शेजारच्या मावशी न हसता, न चकित होता म्हणतात, "हे तं पंधरा दिवसांपासून दिसून रायलं."

मालकाला सांगितलं का?

"कोन इचारते आमाले? आमी निंदाले येतो."

या एका वाक्यावर मी खूप विचार केला आहे. संपूर्ण वावर, प्रत्येक झाड, अगदी डोळ्यांच्या अंतरावरून कोण पाहतं? मालक धुऱ्यावरून पाहतो, मी आठवड्यातून एकदा येते. रोज पाहणाऱ्या या बायांना कुठल्याच शेतीशाळेचं बोलावणं जात नाही, कारण सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही.

तेवढ्यात मालक येतो. मी त्याच्यासमोरच मावशींना पुन्हा विचारते आणि उत्तर त्यालाच ऐकू देते. तो आधी म्हणतो, मजुरी निंदण्याची देतो, कळ्या तोडत बसल्या तर ओळ कधी सरेल? त्याची अडचण खरी आहे. मजुरीचा पैसा उधारीचा असतो. म्हणून वाद घालत नाही. प्रत्येकीच्या कमरेला एक पिशवी बांधू, ओळ चालू ठेवून वाटेत दिसेल तेवढीच कळी तोडायची, आणि दिवसाअखेर पिशवी जाळायची. एवढ्यावर तो राजी होतो. पिशव्या मी सोबत आणलेल्याच असतात.

सकाळी ९

काकाजींच्या ओट्यावर. सत्तरीचे आहेत, पाच एकर कोरडवाहू. कामगंध सापळे पुढे केले तर हात मागे घेतात. "तुमीच सांगतलं होतं सापळे लावा म्हणून. लावले. अळी आलीच ना?"

ते खरं बोलतात. तीन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या सभेत माइकवरून मी म्हटलं होतं, "सापळे लावा, बोंडअळीपासून सुटका मिळवा." वाक्य सोपं होतं, लक्षात राहणारं होतं आणि चुकीचं होतं. एकरी दोन सापळे अळी थांबवत नाहीत, ते फक्त मोजतात. मादीच्या गंधाला भुलून नर पतंग आत येतात. एका सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस दिसले, की फवारणीचा विचार करायची वेळ झाली. सापळ्याचं काम तिथे संपतं. मी मोजणाऱ्या वस्तूला मारणारी वस्तू म्हटलं, आणि काकाजींचे पैसे व माझ्यावरचा भरवसा दोन्ही गेले.

आज मी तेच त्यांना सांगते. तेव्हा मी चुकीचं बोलले, काकाजी. सापळ्याने अळी मरत नाही. कधी फवारायचं आणि कधी नाही, एवढंच त्याने कळतं. एक वाया जाणारी फवारणी वाचली तरी सापळ्याचे पैसे निघतात.

बराच वेळ ते तंबाखू मळत राहतात. मग नातवाला हाक मारून म्हणतात, "मोजाले तू जाशील काय रोज?" नातू नववीत आहे. पतंग मोजून भिंतीवर खडूने आकडा लिहायचं त्याने कबूल केलं.

नवी वस्तू नेताना तिने काय होणार नाही हे आधी सांगावं. माझ्या मते विस्ताराच्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच असतं आणि छापील पत्रकात नेमकं तेच नसतं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे आणि नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेचे सल्ले मी नेमाने वाचते, त्यातलं ज्ञान पक्कं असतं. पण 'आर्थिक नुकसानीची पातळी १० टक्के' हे ओट्यावर चालत नाही. तिथे असं बोलावं लागतं : वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं फोडा, दोनांत अळी निघाली तर मला फोन करा.

सकाळी ११

गावातलं कृषी केंद्र. माझ्यापेक्षा जास्त सल्ला या गल्ल्यावरून जातो, आणि ते मान्य केल्याशिवाय काम होत नाही. दुकानदार भाऊ चांगला माणूस आहे. गिऱ्हाईकच "कडक द्या, दोन-तीन मिळून द्या" म्हणतं, तेव्हा त्याचीही ओढाताण होते.

मला इथे भाषेचा एक पेच रोज दिसतो. आपण सगळेच कीडनाशकाला औषध म्हणतो. औषध मारलं, औषध आणलं, औषधाचा पंप. औषध म्हटलं की मनात आपोआप येतं, थोडं जास्त झालं तर गुण लवकर येईल. अंगावर उडालं तर काय होतं, औषधच तर आहे. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. त्या वर्षी पराटी डोक्याबरोबर वाढली होती. अळीच्या धास्तीने दोन-तीन कीडनाशकं एकत्र करून फवारली गेली आणि दमट हवेत तो सगळा तुषार फवारणाऱ्याच्याच तोंडावर आला. गेलेल्यांत शेतमजूर बरेच होते.

म्हणून मी विष म्हणते. "मॅडम, असं अशुभ बोलू नका," असं सुरुवातीला बायका म्हणायच्या. मी तरी म्हणत राहिले. आज भाऊंच्या गल्ल्यावर डब्यावरचे त्रिकोण रंगवून चिकटवले. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. अक्षर न येणाऱ्यालाही रंग येतो. भाऊंनी स्वतःहून विचारलं, "मी पण विष म्हणू काय?" म्हणा, भाऊ. तुमचं ऐकतात.

दुपारी १२.३० ते ४

तालुक्याचं गाव. नुकसानीचे पंचनामे, महाडीबीटीचे अडकलेले अर्ज, शेतकरी ओळख क्रमांकाच्या याद्या. हे काम लोकांच्या हक्काचं आहे, मी ते मन लावून करते. मात्र एका दिवसाचे साडेतीन तास यात जातात, आणि तेवढ्या वेळात दोन वावरं पाहून झाली असती.

संध्याकाळी ६.४५

मजुरांच्या वस्तीतला पार. सभेची ही वेळ मी एका फवारणाऱ्या दादांमुळे बदलली. किती वर्षं मी सकाळी दहाला ग्रामपंचायतीत फवारणीची काळजी शिकवत होते. ते कधी का येत नाहीत, विचारलं तर म्हणाले, "दहा वाजता आमी पंप घेऊन वावरात असतो, ताई." ज्यांच्या पाठीवर पंप होता त्यांना सोडून मी सगळ्यांना शिकवत होते.

आज भाषण नाही. त्याच दादांना पांढरा जुना सदरा आणि पायजमा घालायला दिला. नव्या, धुतलेल्या पंपात साधं पाणी आणि कपड्याला घालायची नीळ. म्हटलं, रोज मारता तसंच त्या मोकळ्या पट्ट्यात मारून या. ते गेले आणि दहा मिनिटांत परतले. कंदिलाजवळ उभे राहिले.

मांड्या निळ्या. पोटरी निळी. टोपणातून गळलेल्या पाण्याने पाठीवर कमरेपर्यंत निळा ओघळ. वाऱ्याच्या तोंडाला फवारत परतले होते, म्हणून कॉलर आणि हनुवटीवर ठिपके.

कोणी काही बोललं नाही. त्यांची बायको पुढे आली आणि सदऱ्याचा ओला भाग बोटांत धरून म्हणाली, "हेच कपडे मी लेकराच्या कपड्यांत धुतो."

त्यानंतर मला शिकवावं लागलं नाही, लोक विचारत गेले. टोपणाला नवी रबरी चकती कुठे मिळते? वारा पाठीशी कसा ठेवायचा? नोझल चोंदलं तर तोंडाने फुंकायचं नाही, मग काय करायचं? गरगरलं, नजर अंधुक झाली, मळमळलं तर? काम तिथेच थांबवायचं, कपडे उतरवून साबणाने अंग धुवायचं, घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठायचा, आणि विषाचा डबा सोबत न्यायचा, म्हणजे डॉक्टरांना नाव कळतं. मालकाने हातमोजे, मुखपट्टी दिली नाही तर काय, असंही एकाने विचारलं. मी म्हटलं, मालकाला मी उद्या सकाळी भेटते, तुमचं नाव न घेता.

रात्री ९.१०

दिवसाचा अहवाल मोबाइलवर भरायचा असतो. सभेच्या नोंदीत 'उपस्थित खातेदार शेतकरी' असा एक रकाना आहे. पारावर चौदा जण होते. त्यातल्या तिघांच्या नावावर जमीन आहे.

मी १४ लिहिले.