चंद्र हेच प्रमाण वजन

दुकानातला तराजू प्रमाण वजन ठेवून तपासतात. अवकाशातला कॅमेरा कसा तपासायचा? वर्षं सरतात तशी त्याची नजर मंदावते. मग समुद्र काळवंडला की कॅमेरा थकला, कळणार कसं?

व्हायकिंग यानांवरून मंगळाचं तापमान मोजणारे अमेरिकी शास्त्रज्ञ ह्यू किफर यांनी पुढे यासाठी चंद्र निवडला. तिथे वारा नाही, पाऊस नाही. पृष्ठभाग जवळजवळ बदलतच नाही. अडचण कलांची. म्हणून अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफहून वर्षानुवर्षं दुर्बिणीने मोजमापं घेऊन, कोणत्या घडीला चंद्र किती उजळ दिसायला हवा, हे त्यांच्या गटाने बसवलं. केवढी ही चिकाटी!

समुद्राचा रंग टिपणारं ‘सीविफ्स’ उपकरण १९९७मध्ये अवकाशात गेलं. दर महिन्याला उपग्रह गिरकी घेऊन त्याला चंद्र दाखवी. नजर जेवढी उतरलेली, तेवढे समुद्राचे आकडे दुरुस्त होत.