यादीत नसलेले घोडपदेव

रविवारी सकाळी नऊ वाजता भायखळा स्थानकाबाहेर चौदा जण जमले. बहुतेकांच्या खांद्यावर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि टोपी. त्यांना दिवसभर फिरवणाऱ्या तरुणाच्या हातात मात्र घडी घातलेला एक कागद होता, बाकी काही नाही. सहरी पहाटेच झाली होती. आता पाण्याचा घोट मिळणार तो संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास. त्याने हे कोणाला सांगितले नाही. ‘‘रोजा सांगत फिरायची गोष्ट नाही,’’ असे त्याची अम्मी म्हणते.

यंदा रमजान फाल्गुनात आला आहे. हिजरी वर्षाला अधिक महिना नसतो, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि तेहेतीसएक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. सध्या त्याची गाठ शिमग्याशी पडली आहे. होळीच्या रात्री जो पूर्ण चंद्र दिसतो, तोच रमजानच्या मध्यावरचा चंद्र असतो. ऊन मात्र आतापासूनच तापू लागले आहे.

यादीतले पहिले नाव स्थानकाचेच होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, त्या मार्गावरचे हे जुने स्थानक. दगडी इमारतीची काळजीपूर्वक डागडुजी झाली आणि २०२२ मध्ये तिला युनेस्कोचा वारसा पुरस्कार मिळाला. रोज इथून गाडी पकडणाऱ्या एका काकूंनी प्रथमच मान वर करून छताकडे पाहिले.

तिथून राणीची बाग आणि डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ मध्ये हे व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या नावाने उघडले, १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. मुंबईचे पहिले भारतीय शेरीफ झालेले हे डॉक्टर संग्रहालयाच्या उभारणीत अग्रभागी होते. आवारात दगडी हत्ती उभा आहे, तो घारापुरीचा. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले, तोच. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना तो पडून फुटला आणि म्हणून इथेच राहिला. ‘‘तुटला म्हणून वाचला,’’ तरुण म्हणाला. सगळे हसले.

गटात घोडपदेवचे एक निवृत्त गिरणी कामगार होते. वय पंचाहत्तरच्या पुढे, पांढरा सदरा, पायात चपला. नातीने नाव नोंदवले होते म्हणून आले होते. संग्रहालयातल्या मातीच्या छोट्या बाहुल्यांमध्ये विणकर शोधत ते बराच वेळ काचेशी उभे राहिले.

दुपारी गट माझगावात शिरला. माथारपाखाडीच्या लाकडी जिन्यांच्या घरांमध्ये आवाज आपोआप खाली येतो. इथलेच जोसेफ ‘काका’ बाप्टिस्टा. जन्म १८६४, पेशाने बॅरिस्टर, लोकमान्यांचे सहकारी, टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. कामगारांच्या चळवळीतही ते होते. जवळच्या टेकडीवर त्यांच्या नावाची बाग आहे. त्या टेकडीवर एकेकाळी माझगावचा किल्ला होता, जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाच्या फौजेने १६९० मध्ये तो उद्ध्वस्त केला. पुढे नवाब टँक रस्त्यावर १९१९ चे चिनी मंदिर, गोदीत उतरणाऱ्या चिनी खलाशांच्या काळाची खूण. आणि मग हसनाबाद. १८८१ मध्ये मुंबईत निधन पावलेल्या पहिल्या आगाखानांचा हा घुमटदार मकबरा.

हसनाबादच्या सावलीत गट टेकला. बाटल्या निघाल्या, कोणी संत्री सोलली. कोणीतरी तरुणापुढे फोड धरली आणि तेव्हा सगळ्यांना कळले. एकदम शांतता पसरली. दोघींनी बाटल्या पिशवीत परत टाकल्या. तो संकोचला. ‘‘अहो, तुम्ही प्या. तुम्ही तहानलेले राहिलात तर मला सवाब कसा मिळेल?’’ सवाब म्हणजे पुण्य, हे कोणाला सांगावे लागले नाही.

इथेच एका कॉलेजच्या मुलीने विचारले, ‘‘१९९२-९३ मध्ये या भागात काय झालं होतं?’’

तरुणाने कागदाकडे पाहिले. ‘‘हे यादीत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘पण झालं. भायखळ्यात, माझगावात, दोन्हीकडची माणसं मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात पोलीस ठाण्यांप्रमाणे सगळं लिहिलेलं आहे. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. घरी त्याबद्दल कोणी बोलत नाही.’’ निवृत्त कामगार खाली बघत होते.

शेवटचे ठिकाण रे रोड स्थानक. हार्बर मार्गावरचे हे दगडी स्थानक १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांच्या नावाचे. तरुणाने आभार मानायला सुरुवात केली, तेवढ्यात ते कामगार म्हणाले, ‘‘पोरा, एवढं फिरवलंस. घोडपदेव इथून दहा मिनिटांवर आहे. ते का नाही?’’

‘‘काका, तिथे काय दाखवू? मिल तर राहिली नाही.’’

‘‘चल, मी दाखवतो.’’

पाच जण घरी गेले, नऊ जण मागे चालू लागले. ज्या घोडपदेवाच्या मंदिराने वस्तीला नाव दिले, तिथे काकांनी हात जोडले. शिमग्यासाठी पोरे लाकडे गोळा करत होती. मग रामभाऊ भोगले मार्गावरून न्यू हिंद मिलची जागा. आता तिथे म्हाडाचे उंच मनोरे आहेत, गिरणी कामगारांना सोडतीत मिळालेल्या घरांचे. अशा घरांसाठी मुंबईत दीड लाखाहून अधिक अर्ज आले. ज्यांना घर लागले ते नशीबवान. काका त्यांतले एक.

‘‘इथे भोंगा वाजायचा,’’ काका सांगू लागले. ‘‘घड्याळ कोणाकडे होतं? पहिली पाळी, दुसरी पाळी, सगळं भोंग्यावर.’’ ते साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. या खात्याचा इतिहासही त्यांनी लपवला नाही. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून दलितांना तिथे एकेकाळी घेतच नसत. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उभा केला. ‘‘आमच्या शेजारच्या साच्यावर मदनपुऱ्याचा मोमीन होता. पिढीजात विणकर. रमजानात दुसरी पाळी असली की रोजा सोडायच्या वेळी तो दहा मिनिटं बाहेर जायचा. त्याचे साचे मी बघायचो. गणपतीला मी गावाला गेलो की माझी बदली तो सांभाळून घ्यायचा. जॉबरला पत्ता नाही.’’

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिन्यामागून महिने गेले. काकांनी भाजी विकली. सोबती यंत्रमागावर काम शोधायला भिवंडीला गेला, असे कोणीतरी सांगितले. ‘‘जाऊन यावं म्हणत होतो. आज जाऊ, उद्या जाऊ. मग ९२ आलं. त्यानंतर कोणत्या तोंडाने जाणार, असं वाटलं. माझ्याकडून काही झालं नव्हतं. पण विचारलं तरी कुठे मी, बाबा जिवंत आहेस का?’’

सूर्य कलला होता. काकांनी सगळ्यांना वर घरी नेले. नातीने खजूर आणले, काकूंनी घाईने कांदाभजी तळली. खिडकीतून एकीकडे गोदीच्या क्रेन दिसत होत्या, दुसरीकडे भायखळ्याचे मिनार. अजान ऐकू आली तशी तरुणाने खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायला. मग घरातल्या कोपऱ्यात स्वच्छ चादर अंथरून दिली, तिच्यावर मगरिबची नमाज पढला. काका तोवर टीव्ही बंद करून बसले होते.

निघताना काकांनी विचारले, ‘‘भिवंडीत तुझं कोणी आहे का रे?’’

‘‘मामू आहेत. पॉवरलूमवरच होते.’’

तरुणाने खिशातला कागद काढला. स्थानक, संग्रहालय, माथारपाखाडी, चिनी मंदिर, हसनाबाद, रे रोड. यादीखाली जागा होती. काका सावकाश सांगत गेले आणि तो लिहीत गेला. नाव. वडिलांचे नाव. मदनपुऱ्यातली गल्ली. न्यू हिंद मिल, साचाखाते, दुसरी पाळी. शेवटची भेट, १९८२.