जुन्या लॅपटॉपचे दोन दुखरे भाग

रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत २००७ साली मुलांच्या हाती हिरवे-पांढरे ‘एक्सओ’ लॅपटॉप आले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचा भारतातील तो पहिला प्रयोग. त्या पिढीतील अनेक लॅपटॉपचा पडदा व कळफलक शाबूत असतात. परंतु बॅटरी आणि वायरलेस कार्ड यांपाशी गाडी अडते.

बॅटरी वापराने झिजते, तशीच नुसती ठेवूनही झिजते. साधी लिथियम-आयन बॅटरी साधारणतः ३०० ते ५०० वेळा चार्ज झाल्यावर क्षीण होते. ‘एक्सओ’साठी वापरलेली लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी अधिक टिकाऊ असते, मात्र तिच्या घटाचा दाब सुमारे ३.२ व्होल्ट, तर साध्या घटाचा ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो. म्हणून आकार जुळला तरी एकाच्या जागी दुसरा घट बसवणे धोक्याचे ठरते. बदली बॅटरी घेताना दाब, प्रकार व उत्पादनाची तारीख अवश्य पाहावी.

त्या काळातील अनेक लॅपटॉपमध्ये वायरलेस कार्ड सुटे असते व बदलता येते. काही यंत्रे मात्र कंपनीने मान्य केलेलेच कार्ड स्वीकारतात. मूळ ‘एक्सओ’त ही चिप मुख्य बोर्डावरच जडवलेली आहे. तेथे यूएसबी अ‍ॅडॅप्टर हाच सोपा उपाय. पण त्याचा ड्रायव्हर जुन्या प्रणालीत चालतो का, हे आधी तपासावे.

निकामी बॅटरी कचराकुंडीत टाकू नये. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तिच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर आहे. खैराट असो वा हिंगोली जिल्ह्यातील कुरुंदा, एवढी काळजी घेतल्यास चालते यंत्र केवळ दोन सुट्या भागांपायी भंगारात जाणार नाही.