झाकली मूठ महागात पडली

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण आईच्या तोंडून ऐकतच मोठ्या झालो. घरातले उणे चव्हाट्यावर मांडू नये, हे खरेच. पण गेल्या वर्षी मी माझी मूठ एक रात्र झाकून ठेवली आणि ती मला चांगलीच महागात पडली. ती हकीकत आज उघडपणे सांगते आहे, निदान तुमच्यापैकी कुणाची तरी तशी रात्र टळावी म्हणून.

मी इथल्या एका हायस्कूलमध्ये तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. सहामाहीची प्रश्नपत्रिका घरीच टाइप करायची होती. दुपारची वेळ, हे ऑफिसात, लेक कॉलेजात, सासूबाई आत जरा लवंडलेल्या. इंटरनेटवर मराठी फॉन्ट शोधताना एके ठिकाणी बोट टेकले मात्र, लॅपटॉप भोंग्यासारखा केकाटू लागला. पडदाभर लाल चौकट! ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे. संगणक बंद करू नका. ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ लॅपटॉप लेकीचा, तिचे सगळे प्रोजेक्ट त्यात. माझ्या पोटात गोळाच आला आणि मी फोन केला.

हे लक्षात घ्या, चोराने मला शोधले नाही. मीच त्याचे दार ठोठावले.

पलीकडचा माणूस मोठ्या अदबीने हिंदीत बोलत होता. ‘घबराइए मत, मॅडम.’ त्याने लॅपटॉपवर एक अ‍ॅप घ्यायला लावले, त्यात दिसणारा आकडा विचारून घेतला, आणि पडद्यावरचा बाण माझ्या डोळ्यांदेखत आपोआप फिरू लागला. त्याने लाल खुणांची एक लांबलचक यादी उघडून दाखवली. म्हणे, हे सगळे व्हायरस! (अशी यादी धडधाकट संगणकातही असते, त्या किरकोळ अडथळ्यांच्या नोंदी असतात, हे मला फार उशिरा कळले.) ‘फक्त ४९९ रुपये फी’ म्हणून मी नेटबँकिंग उघडले. मोबाइलवर ओटीपी आला, तो त्याला वाचून दाखवला. मग पडदा काळा झाला. ‘सफाई चालू आहे’ म्हणाला. आणखी एक ओटीपी आला, तोही सांगितला. फोन ठेवून बँकेचे मेसेज पाहिले, तर २४,५०० आणि १८,०००. एकूण ४२,५०० रुपये गेलेले. लेकीच्या क्लासच्या फीसाठी दोन वर्षे तासिकांच्या मानधनातून साठवलेले पैसे होते ते.

ती एक रात्र

मी रडकुंडीला येऊन पुन्हा फोन केला. तो म्हणाला, ‘चुकून जास्त कापले गेले. उद्या सकाळी परत करतो. पण कुणाला सांगू नका, नाहीतर रिफंड अडकेल.’

आणि मी खरोखरच कुणाला सांगितले नाही. त्याने बजावले म्हणून नव्हे, लाजेने. बी.ए. झालेली बाई, वर्गात मुलांना ‘विचार करून उत्तर लिहा’ म्हणून सांगणारी, आणि अशी फसली? हे काय म्हणतील? शाळेत कळले तर? त्या रात्री आमटीत दोनदा मीठ पडले. सासूबाई म्हणाल्या, “लक्ष कुठंय गं तुझं?” मी म्हटले, “डोकं दुखतंय.”

सकाळी नऊला त्याचा फोन आला. ‘रिफंड’ जमा करण्यासाठी पुन्हा सगळे उघडायला लावले आणि आणखी १५,००० रुपये गेले.

शिकलीसवरलेली बाई एकाच माणसाकडून दोनदा कशी फसते, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले. उत्तर सोपे आहे. घरात मी कुणालाच काही बोलले नव्हते, तेव्हा सल्ला विचारायला मला एकच माणूस उरला होता, आणि तोच चोर होता!

सासूबाईंची चप्पल

ओट्याशी डोळे पुसताना सासूबाईंनी मला पाहिले आणि सगळे बाहेर पडले. वाटले होते, आता बोलणी खावी लागणार. त्या एवढेच म्हणाल्या, “अगं, देवळाबाहेरून चप्पल गेली तर आपण चप्पलचोराला शिव्या देतो. स्वतःला देतो का? ऊठ, आधी फोन लाव त्याला.”

मी यांना फोन लावला. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “मागच्या वर्षी वीज तोडण्याच्या मेसेजला भुलून माझेही दोन हजार गेले होते. तुला बोललो नाही.” एका घरात दोन झाकलेल्या मुठी! त्यांची मूठ वेळेवर उघडली असती, तर माझी झाकायची वेळच आली नसती.

यांच्या सांगण्यावरून लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि बँकेकडून खाते बंद करून घेतले. सकाळी गेलेले १५,००० रुपये पुढच्या खात्यात गोठवता आले. काही महिन्यांनी न्यायालयाच्या आदेशाने ते परत मिळाले. आदल्या दिवशीचे ४२,५०० मात्र रातोरात या खात्यातून त्या खात्यात फिरून काढले गेले होते. ते गेले ते गेलेच.

असा प्रसंग आलाच, तर

१. इंटरनेट तोडा. वायफाय बंद करा, लॅपटॉप बंद करा. चोराचा बाण तिथल्या तिथे थांबतो.

२. लगेच १९३० लावा. पैसे ज्या खात्यात गेले तिथे अडवता येतात, पण ते पुढे सरकायच्या आत. बँकेचे नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. तक्रारीचा क्रमांक मिळतो, तो जपा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते.

३. पाठोपाठ बँकेला कळवा. नंबर पासबुकावरचा किंवा कार्डामागचा घ्या, इंटरनेटवर शोधलेला नको. ओटीपी आपणच सांगितला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील त्यांची जबाबदारी बँकेची, असे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटले आहे. म्हणून कळवल्याची तारीख आणि वेळ लिहून ठेवा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

४. पासवर्ड बदला, पण दुसऱ्या मोबाइलवरून किंवा संगणकावरून. आधी ई-मेलचा, मग बँकेचा, कारण बाकीचे पासवर्ड ई-मेलवरूनच बदलता येतात. यूपीआयचा पिनही बदला.

५. लॅपटॉप जाणकाराकडून साफ करून घ्या. नुसते ते अ‍ॅप काढणे पुरेसे नाही. आम्ही लेकीचे प्रोजेक्ट बाजूला काढून सगळे नव्याने भरून घेतले.

६. मेसेज, नंबर, पडद्याचे फोटो काहीही पुसू नका. तोच पुरावा.

दुसरा चोर

दीड महिन्याने एका बाईचा फोन आला. ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, आधी तीन हजार भरा.’ बरणीतले लोणचे संपल्यावरही मुंग्या वासाने येतातच ना, तसे हे! एकदा फसलेल्यांचे नंबर एका टोळीकडून दुसरीकडे जातात. पैसे यायचे असतील तर ओटीपी किंवा पिन कधीच लागत नाही, आणि पोलीस तपासाची फी मागत नाहीत. या वेळी मी ‘थांबा हं’ म्हणून फोन सासूबाईंच्या हाती दिला. पुढचे संभाषण छापण्याजोगे नाही!

आणि तो केकाटणारा पडदा? व्हायरसच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट ही तीन बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, की त्यातून ते पान बंद करता येते. तेही जमले नाही, तर चालू-बंदचे बटण दहाएक सेकंद दाबून धरा. लॅपटॉप निमूट गप्प बसतो.

लेकीच्या क्लासची फी यंदा हप्त्याहप्त्याने भरते आहे. पण आमच्या घरात आता एक नियम आहे. पैशाचा विचित्र फोन आला, की घरातल्या एकाला तरी सांगितल्याशिवाय बोट हलवायचे नाही. आणि कुणी फसलेच, तर पहिले वाक्य ‘असं कसं केलंस?’ हे नसून ‘१९३० लाव’ हे असेल.

तुमच्याही घरात आजच हे ठरवून टाका. आणि तुमच्यापैकी कुणाची मूठ अजून झाकलेली असेल, तर उशीर झाला तरी आज ती उघडा.