गाणी नाहीत, तरी ऐकतात

पहाटेचे साडेपाच वाजून गेलेले असतात. बीबीसी रेडिओ 4 वर निवेदक अगदी संथ आवाजात नावं वाचू लागतो : व्हायकिंग, नॉर्थ उट्सिरा, साउथ उट्सिरा, फोर्टीज, क्रोमार्टी, फोर्थ, टाइन, डॉगर... ब्रिटनभोवतालच्या समुद्राचे हे विभाग, एकूण 31. प्रत्येक विभागात वारा कुठून आणि किती जोराचा, समुद्र किती खवळलेला, पाऊस आहे का, दूरचं कितपत दिसेल, एवढंच सांगायचं आणि तेही ठरलेल्या क्रमानं. शब्दही मोजून-मापून ठरलेले. वादळ ‘इमिनंट’ म्हटलं की ते सहा तासांच्या आत येणार. ‘सून’ म्हणजे सहा ते बारा तासांत आणि ‘लेटर’ म्हणजे त्याच्याही पुढे. ज्याचा जीव या वाक्यांवर अवलंबून आहे, त्याला मोघम बोलून चालत नाही.

या ‘शिपिंग फोरकास्ट’ची मुळं रेडिओच्याही आधीची आहेत. ऑक्टोबर 1859 मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं बुडाली. त्यानंतर रॉबर्ट फिट्झरॉय यांनी 1861 पासून बंदरांना तारेनं वादळाचे इशारे पाठवायला सुरुवात केली. डार्विनला ‘बीगल’वरून जगप्रवासाला नेणारे कप्तान ते हेच. ब्रिटनच्या यादीत फिनिस्टेअर नावाचा एक विभाग होता, आणि स्पेनही हेच नाव आपल्या वेगळ्या सागरी विभागासाठी वापरत असे. हा गोंधळ टाळायला 2002 मध्ये ब्रिटननं आपल्या यादीतलं ते नाव बदललं आणि तिथे फिट्झरॉय यांचं नाव आलं. गंमत अशी, की हा अंदाज ऐकणाऱ्या बहुतेकांकडे साधी होडीही नाही. लाँग वेव्हवर क्रिकेटचं समालोचन चालू असायचं, त्या काळात या अंदाजासाठी चालू कसोटीही मध्येच सोडून दिली जाई.

रेडिओ 4 हे मुख्यतः बोलण्याचं स्टेशन आहे. बातम्या, मुलाखती, नाटकं, विज्ञान, विनोद, शेती, प्रार्थना, संसदेचा वृत्तान्त असं सगळं इथे आहे. नाहीत त्या फक्त जाहिराती. खर्च लायसन्स फीमधून भागतो, आणि ती टीव्ही पाहणाऱ्यांनी भरायची. नुसत्या रेडिओसाठी लागणारा परवाना 1971 मध्येच रद्द झाला. त्यामुळे घरात फक्त रेडिओ असलेल्या माणसाला हे सारं फुकट मिळतं.

स्टेशनला हे नाव 30 सप्टेंबर 1967 रोजी मिळालं. त्याआधीची ‘होम सर्व्हिस’ दुसरं महायुद्ध सुरू होतानाची. तिच्या इतिहासात एक मराठी बाईही आहे. मूळच्या कोल्हापूरजवळच्या शिरोळच्या वेणू चितळे युद्धकाळात लंडनला बीबीसीत काम करत होत्या. पूर्वेकडच्या देशांसाठीच्या विभागात जॉर्ज ऑर्वेल त्यांचे सहकारी होते. रेशनच्या दिवसांत घरात काय शिजवावं हे ब्रिटिश गृहिणींना सांगणारा ‘किचन फ्रंट’ होम सर्व्हिसवर लागे. त्या कार्यक्रमातही वेणूताईंचा आवाज ऐकू येई. मराठी वाचकांना ऑर्वेल पाठ असतो. वेणूताईंचं नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

सकाळी सहाला ‘टुडे’ सुरू होतो. ऑक्टोबर 1957 मध्ये हलक्याफुलक्या गप्पांचा म्हणून निघालेला हा कार्यक्रम आज मंत्र्यांना घाम फोडतो. आठच्या बातम्या संपल्या की सव्वाआठच्या आत दिवसातली सगळ्यात महत्त्वाची मुलाखत होते आणि दुपारच्या वर्तमानपत्री चर्चांना तिथूनच खाद्य मिळतं. सुरुवातीचे सूत्रधार जॅक डी मॅनियो चुकीची वेळ सांगण्याबद्दल प्रसिद्ध होते. तासाच्या ठोक्याला पाच आखूड आणि एक लांब असे सहा ‘पिप्स’ वाजतात. ग्रिनिचच्या वेळेचा हा इशारा फेब्रुवारी 1924 पासून चालत आला आहे, म्हणजे मॅनियोंना सबब नव्हती.

ब्रिटन अजून शाबूत आहे की नाही हे ताडण्यासाठी अण्वस्त्रधारी पाणबुडीचे कप्तान ज्या खुणा तपासतात, त्यांत ‘टुडे’ ऐकू येतो का हीसुद्धा एक आहे, असं इतिहासकार पीटर हेनेसी सांगत आले आहेत. एखाद्या सकाळच्या कार्यक्रमाला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळणं अवघड!

नऊ वाजता राजकारण एकदम मागे पडतं. गुरुवार असेल तर ‘इन अवर टाइम’. 1998 पासून 2025 पर्यंत मेल्व्हिन ब्रॅग यांनी तो चालवला. एक विषय, तीन प्राध्यापक आणि पाऊण तास. कधी सम्राट अशोक, कधी भगवद्गीता, कधी मूळ संख्या. ब्रॅग लाडीगोडी करत नसत. उत्तर लांबलं की ‘पुढे?’ अशा सुरात प्रश्न टाकत. श्रोत्याला काही कळणार नाही, हे त्यांनी कधी गृहीत धरलं नाही. या स्टेशनचं खरं बळ इथे आहे, असं प्रस्तुत लेखकाला वाटतं. मंत्र्याची उलटतपासणी ऐकायला बसलेल्या माणसाच्या कानावर न मागता अशोकाचे शिलालेख पडतात. आवडीनिवडी ओळखून तेच ते वाढणाऱ्या आजच्या ॲपांना हे जमत नाही.

दहाचा ‘वुमन्स अवर’ ऑक्टोबर 1946 मधला. बायकांच्या या कार्यक्रमाचे पहिले सूत्रधार ॲलन आयव्हीमी हे पुरुष होते! पुढे ग्राहकांच्या तक्रारी, एकच्या बातम्या, आणि मग दुपारी दोनच्या पुढे आदल्या संध्याकाळच्या ‘द आर्चर्स’चं पुनःप्रसारण.

इथे थोडं थांबायला हवं. 1 जानेवारी 1951 पासून देशभर ऐकू येणारी ही मालिका अजून चालू आहे. ॲम्ब्रिज नावाचं काल्पनिक खेडं, त्यातली शेतकरी कुटुंबं, तेरा-चौदा मिनिटांचे भाग. युद्धानंतर अन्नाचा तुटवडा होता. शेतकऱ्यांपर्यंत नवी माहिती पोचवायची, पण व्याख्यान न देता, या हेतूनं गॉडफ्री बेझली यांनी ती रचली. साधारण त्याच काळात, 1956 मध्ये, युनेस्कोच्या मदतीनं पुणे आकाशवाणीनं मराठी मुलखातल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं उभी केली. गावकऱ्यांनी एकत्र ऐकायचं, चर्चा करायची, मग कृती करायची. बेझलींनी गोष्टीचा आडमार्ग घेतला. पुण्यानं गावकऱ्यांनाच बोलतं केलं. पुण्याचा प्रयोग अधिक धीट होता, पण ॲम्ब्रिज अधिक टिकलं.

टिकलं ते गोष्टीच्या जोरावर. 22 सप्टेंबर 1955 ला ब्रिटनमध्ये पहिलं व्यापारी टीव्ही केंद्र सुरू झालं. नेमक्या त्याच संध्याकाळी ‘आर्चर्स’मधली लाडकी ग्रेस तबेल्याच्या आगीत मरण पावली आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत टीव्हीपेक्षा तिचीच चर्चा झाली. नॉर्मन पेंटिंग यांनी फिलची भूमिका 1950 च्या चाचणी भागांपासून 2009 मध्ये मरेपर्यंत केली. पेगी झालेल्या जून स्पेन्सर निवृत्त झाल्या तेव्हा 103 वर्षांच्या होत्या. गावात उषा गुप्ता नावाची वकीलही आहे. 2008 मध्ये या हिंदू बाईचं लग्न तिथल्या धर्मगुरूशी लागलं. हेलन या पात्राचा नवरा तिला पार कोंडून टाकतो, ती कथा दोन-अडीच वर्षं हळूहळू शिजवली गेली. एप्रिल 2016 मध्ये तिनं त्याच्यावर चाकू चालवला. या कथेमुळे श्रोत्यांनी खऱ्याखुऱ्या पीडित स्त्रियांसाठी एक लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. आणि शेताचं फाटक उघडल्याचा तो आवाज? स्टुडिओत त्यासाठी इस्त्रीचं जुनं टेबल करकरवतात.

संध्याकाळी साडेसहा ही हसण्याची वेळ. ‘हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ पुस्तक होण्याआधी मार्च 1978 मध्ये रेडिओ 4 वर आली. मीरा स्याल आणि संजीव भास्कर यांच्या ‘गुडनेस ग्रेशस मी’नंही टीव्हीवर जाण्याआधी 1996 मध्ये इथेच पाय रोवले. ‘जस्ट अ मिनिट’ तर स्टेशनच्याच वयाचा : दिलेल्या विषयावर मिनिटभर बोलायचं, न अडखळता, शब्द पुन्हा न वापरता, विषय न सोडता. 2012 मध्ये त्याचं ध्वनिमुद्रण मुंबईच्या ‘कॉमेडी स्टोअर’मध्ये झालं. पॉल मर्टनसमोर सायरस बरूचा आणि अनुवब पाल होते आणि सूत्रधार निकलस पार्सन्स तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर होते.

रात्री बातम्या, पुस्तकाचं वाचन, संसदेचा वृत्तान्त. मग राष्ट्रगीत, आणि एकच्या सुमारास सूत्रं वर्ल्ड सर्व्हिसकडे जातात.

या वेळापत्रकाला हात लावणं सोपं नसतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीनं लाँग वेव्हवरून रेडिओ 4 काढून तिथे दिवसभर बातम्या देण्याचा बेत केला, तेव्हा एरवी कुठल्या मोर्चात न दिसणारी मध्यमवर्गीय मंडळी ब्रॉडकास्टिंग हाउसवर चालून गेली. बेत बारगळला. बातम्या आणि खेळ यांच्यासाठी मार्च 1994 मध्ये ‘रेडिओ 5 लाइव्ह’ हे वेगळं स्टेशन काढावं लागलं आणि कसोटी सामन्यांचं समालोचन रेडिओ 4 च्या लाँग वेव्हवर आलं, ते 2023 च्या ॲशेस मालिकेपर्यंत तिथेच राहिलं.