सार्वजनिक रानांतील शिकारीचा शिष्टाचार

अमेरिकेंतील राष्ट्रीय अरण्यें सर्व जनतेच्या मालकीचीं आहेत. त्यामुळें परवाना घेतलेल्या प्रत्येक शिकाऱ्याचा तेथील हक्क सारखाच असतो. परंतु अनेकांचे हक्क एकाच जागीं येऊन मिळाले म्हणजे संयमाची कसोटी लागते. वसंत ऋतूंतील रानटी टर्कीची शिकार हें याचें उत्तम उदाहरण होय.

या दिवसांत नर टर्की मोराप्रमाणें पिसारा फुलवून मादीला साद घालतो. शिकारी पहांटे झाडास पाठ टेकून, रानाच्या रंगाचीं वस्त्रें घालून निश्चल बसतो आणि मादीच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून नराला जवळ बोलावितो. धोका आहे तो येथेंच. तो आवाज खऱ्या पक्ष्याचा समजून दुसरा शिकारी दबकत आला, तर पक्ष्याऐवजीं मनुष्यच छऱ्यांना बळी पडावयाचा! नराचें डोकें तांबडें, पांढरें व निळें दिसतें. म्हणून त्या रंगांचा साधा रुमालहि जवळ बाळगूं नये. कोणी येतांना दिसल्यास हात न हालवितां मोठ्यानें हांक मारावी.

इतर नियमहि यांतूनच निघतात. वाटेच्या तोंडाशीं आधींच मोटार उभी असेल, तर दुसरीकडे जावें. दुसऱ्याच्या सादेला ओ देणाऱ्या पक्ष्याच्या आड येऊं नये. मुद्दाम व्यत्यय आणण्यास तेथील सर्व राज्यांत कायद्यानें मनाई आहे; केंद्र सरकारच्या जमिनींसाठींहि १९९४ सालीं तसा कायदा झाला. मात्र अंधारांत नकळत शेजारीं येऊन बसलेल्याला हे कायदे उठवीत नाहींत. तेथें आपण होऊन मागें फिरण्याचें सौजन्यच दोघांचेंहि रक्षण करतें.